भट्टीवर पाणी

४ ऑक्टोबर

बारक्या,

पोचले. हातपाय शाबूत आहेत, डोकं आधीच गरम होतं ते आणखी गरम झालंय. पुढचं वाच आणि मला या रानात पाठवून तू काय कमावलंस ते तूच ठरव.

फाटकावर एका बाईने गोड हसत माझा फोन घेतला, कापडी पिशवीत टाकला आणि वर नाडी आवळली. म्हटलं, "अहो, बेकरीतून फोन आला तर?" तिने ओठांवर बोट ठेवलं. झालं, मौन सुरू! महिनाभर बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. पत्रं लिहायची मुभा आहे, कारण मनातली जळमटं कागदावर काढावीत म्हणे. भाजीची गाडी पत्रं घेऊन जाते आणि आलेली आणते. तर आता माझी जळमटं झेल.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव मी मऊताई ठेवलंय. आवाज इतका मऊ की पुढे कान नेऊन ऐकावं लागतं, आणि ऐकल्यावर कळतं की काही खास बोलल्याच नाहीत. "श्वास पाहा. येताना पाहा, जाताना पाहा." श्वास काय गिऱ्हाईक आहे, येताजाता बघायला? पहाटेपासून मांडी घालून बसायचं, मग झाडांमधून गोगलगायीसारखं चालायचं, मग पुन्हा मांडी. नदी आहे, उंच झाडं आहेत, हवा चांगली आहे, ते नाकारत नाही. पण जेवणात देतात तो पाव भिंतीत खिळा ठोकायला वापरता येईल. मी तो हातात घेऊन खालून टिचकी मारली. आतून ओला, वरून दगड. बनवणाऱ्याला दोन शब्द सुनावावेत तर मौन.

आणि भरीला भर, ध्यानाच्या खोलीत कुणीतरी शिट्टी वाजवतं. मोठी नाही. बारीक, लांबलचक, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. सगळे गप्प झाले की सुरू. माझ्या मागे एक टकल्या बसतो, त्याचंच नाक असणार. महिनाभर मी ही शिट्टी ऐकायची?

मी इथे आले ती फक्त मिक्सरवाल्यामुळे, हे विसरू नकोस. पाव भाजायचा पत्रा मी त्याला मारला नव्हता, त्याच्या दिशेने फेकला होता. कच्चे पाव भट्टीत सारणाऱ्याला फेकूनच मारायला हवं होतं. पण सगळे कामगार दारात बसले, "ताई थंड होऊन येतील तरच आम्ही आत येऊ" म्हणाले, आणि तू त्यांच्या पुढे मान डोलावलीस. ठीक आहे. थंड होते.

आता कामाचं. रोज काम संपल्यावर निखारे मागच्या भिंतीला सार, वर राख ओढ, झाकण घट्ट लाव. पाव फुगवायच्या आंबवणाला पीठपाणी दे. अण्णांनी पेटवल्यापासून ती भट्टी विझलेली नाही. अण्णा गेले त्या दिवशीसुद्धा मी आधी लाकडं घातली आणि मग बापासाठी रडले. माझ्या पाठी विझली तर तुझी धडगत नाही.

ताई

८ ऑक्टोबर

ताई,

पत्र वाचून बरं वाटलं. तू ओरडते आहेस म्हणजे तब्येत चांगली आहे.

इकडची काही काळजी करू नकोस. सगळं ठीक आहे. भट्टीही ठीक आहे. मिक्सरवाला कामावर आलाय, तुझी आठवण काढतो (घाबरून का होईना). हिने तुझ्या खोलीतले पडदे धुतले.

मऊताई सांगतात ते करून बघ ना. श्वासाचं म्हणतोय. तुला मोकळ्या हवेत बरं वाटतंय का? जिना चढलीस, चढावर चाललीस तर कसं वाटतं? ती शिट्टी रोजच येते का? तू एकटी असताना येते का? सहज विचारतोय.

लवकर परत यायची घाई करू नकोस. पूर्ण महिना राहा.

बारक्या

११ ऑक्टोबर

बारक्या,

एवढी माया कधीपासून? लहानपणी माझ्या ताटातली बिस्किटं पळवणारा तू, आता माझ्या श्वासाची चौकशी करतोस! पडदे धुतले म्हणे. तुझी बायको आणि माझ्या खोलीतले पडदे? काहीतरी शिजतंय तिकडे. चोराच्या मनात चांदणं.

शिट्टीचा छडा लावला. टकल्याच आहे. काल ध्यानात मी सरळ मान वळवून त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने डोळे उघडले, दचकला, पुन्हा मिटले. शिट्टी चालूच. मग मी चिठ्ठी लिहून त्याच्या चपलेत ठेवली: "नाक साफ करून बसत जा." आज सकाळी तो चार ओळी मागे जाऊन भिंतीला टेकून बसला. आणि तरी शिट्टी येतेय! म्हणजे केवढी दांडगी असेल बघ. मऊताईंना लेखी तक्रार केली. त्यांनी वाचली, माझ्याकडे खूप वेळ बघितलं, आणि खाली लिहून दिलं, "आवाजाशी भांडू नका. आवाज कुठून येतो ते शांतपणे ऐका." मी कुठून येतो ते सांगितलंय की! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं यांचं.

चढावर कसं वाटतं विचारलंस. नदीवरून वर यायला पायवाट आहे. मध्ये एक सपाट दगड आहे, त्यावर मी बसते. सगळेच बसतात. वय झालं की बसतात माणसं.

आता तू मला नीट उत्तर दे. सकाळी झाकण काढलं की भट्टीचा घुमट आतून कसा दिसतो, काळा की पांढुरका? पहिली खेप किती वेळात फुगते? पावाच्या बुडाला राख चिकटते का? "सगळं ठीक आहे" हे मला तू शाळेत नापास झालास तेव्हाही सांगितलं होतंस.

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

एवढी उलटतपासणी कशाला? घुमट नेहमीसारखाच आहे. पहिली खेप चांगली फुगते. गिऱ्हाइकं खूश आहेत. कोपऱ्यावरची शिवणवाली तुझी चौकशी करत होती, तिला म्हटलं ताई ध्यानाला गेल्यात, तर तिला खरंच वाटेना. हसत सुटली.

तुला बरं वाटावं म्हणून घरातली एक गंमत सांगतो. मांजराला तुझी फार आठवण येते. तू गल्ल्यामागच्या खुर्चीवर तुझा जाड स्वेटर टाकून गेली होतीस ना, त्यात अंगाचं मुटकुळं करून दिवसभर झोपतं. रात्रीही तिथेच. हिने उठवायला हात लावला तर ओरबाडलं. म्हणजे बघ, तुझ्यासारखं कोणीतरी दुकानात आहे.

टकल्याला त्रास देऊ नकोस. बिचाऱ्याचा काय दोष?

शांत राहा, ताई. मनापासून सांगतो.

बारक्या

१८ ऑक्टोबर

बारक्या,

भट्टी थंड आहे.

पुन्हा लिहिते. भट्टी थंड आहे. ते मांजर घुमट सोडून आजवर कुठेही झोपलेलं नाही. कडक उन्हाळ्यातसुद्धा ते घुमटावर पाय ताणून पडायचं, अंगाला तूप सुटेल असं. अण्णा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, तरी ते वर घुमटावरच. त्याला माझ्या स्वेटरची आठवण येते? त्याला ऊब लागते, मूर्खा! घुमटावर ऊब उरली नाही म्हणून ते स्वेटरात शिरलं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची तर आधी मांजराला पढवायला हवं होतंस.

कधी विझवलीस? मी गाडीत बसले त्याच दिवशी? म्हणून "पूर्ण महिना राहा", म्हणून पडदे, म्हणून "सहज विचारतोय"! तू आणि तुझी बायको, दोघांनी मिळून मला डबीत घातलंत आणि झाकण लावलंत. मी इथे डोळे मिटून बसायचं, आणि तिकडे तुम्ही माझी आयुष्यभराची आग विझवायची.

आज ध्यानात मऊताई म्हणाल्या, "राग आला तर त्याच्याकडे पाहा, तो ढगासारखा येतो आणि जातो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, सगळ्यांच्या मधून चालत बाहेर आले आणि दार आपटलं. इतक्या शांततेत ते दार असं वाजलं की झाडावरचे पक्षी उडाले. मला पहिल्यांदा इथे बरं वाटलं.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. खोटं आहे. मला म्हातारी मेल्याचंही दुःख आहे.

खरं लिही. पूर्ण लिही. नाहीतर पुढची गाडी मला घेऊन येईल.

ताई

२१ ऑक्टोबर

ताई,

हो. विझवली. तू गेलीस त्या दिवशी दुपारीच.

आता माझंही ऐक. आयुष्यभर तू बोललीस आणि मी ऐकलं, एकदा उलटं होऊ दे. छातीच्या डॉक्टरांकडे तुला मी नेलं होतं. तुला कितीदा खोकला येतो, किती वेळा बसावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं, तू भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतीस. ते म्हणाले, धूर आणि पिठाची धूळ, दोन्ही बंद करा, नाहीतर हिला जास्त वेळ नाही. आठवतं? घरी येऊन तू काय केलंस आठवतं? त्यांनी काढलेला छातीचा एक्स-रे भट्टीत टाकलास! सगळ्यांसमोर! आणि म्हणालीस, "घ्या, आता निदान झालं." मिक्सरवाला हसला. मी हसलो नाही. मी मागे जाऊन पोत्यांवर बसलो.

त्यानंतर मी तुला किती वेळा सांगितलं? बिजलीची भट्टी घेऊ म्हटलं, तू फळी उगारलीस. तू गल्ल्यावर बस म्हटलं, तर "मला शोभेची बाहुली करून बसवणार का" म्हणून ओरडलीस. तोंडाला फडकं बांध म्हटलं, ते फडकं तू पावावर झाकलंस. तुझ्याशी बोलायची एक तरी वाट तू उघडी ठेवलीस का? ठेवली असतीस तर मी पाठीमागून कशाला काही केलं असतं?

मी फक्त निखारे काढणार होतो. हळूहळू थंड होऊ देणार होतो, झाकण लावून, अण्णा सांगायचे तसं. पण निखारे संपेनात. एक फावडं काढलं की खाली आणखी लाल. ही दारात उभी राहून विचारत होती, "अहो, नक्की करायचं ना?" मला भीती वाटली की मी थांबेन. म्हणून मी बादली ओतली. हो, पाणी. भट्टीवर पाणी ओतायचं नाही, हा अण्णांचा पहिला धडा मलाही येतो. पण ओतलं. मोठा आवाज झाला आणि घुमट तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत तडकला. तेव्हापासून दुकान बंद आहे. शिवणवाली हसली नव्हती, ती रडली. ते मी खोटं लिहिलं.

आणि ताई, ती शिट्टी टकल्याची नाही. ती तुझी आहे. तुझ्या छातीतून येते. बेकरीत मिक्सरच्या घरघरीत तुला ती कधी ऐकू आली नाही. मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येते. ती वाजत असते तोवर मला झोप लागत नाही, आणि मध्येच थांबली तर मी उठून बसतो.

तू रागव. पण आधी जिवंत राहा.

बारक्या

२३ ऑक्टोबर

शिट्टी माझी नाही. टकल्याची आहे.

तू आता माझी छातीही माझ्याविरुद्ध उभी करतोस. तुझ्या पत्राचं बाकीचं उत्तर मी समोर येऊन देईन.

२६ ऑक्टोबर

ताई,

मग एक कर. जिथे माणूस नाही अशा जागी जाऊन बस आणि ऐक. शिट्टी आली नाही तर मी तुझी माफी मागतो, आणि घुमट पुन्हा बांधायला स्वतः विटा वाहतो.

बारक्या

३० ऑक्टोबर

बारक्या,

तुझं पत्र आलं तशी मी तावातावाने नदीवर गेले. तुला खोटं पाडायचं म्हणून गेले, ध्यान करायला नव्हे. त्या सपाट दगडाच्याही खाली, पाणी जिथे खडकात अडकून थांबतं, तिथे बसले. आजूबाजूला झाडं आणि मी. टकल्या तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत होता, मी स्वतः बघून गेले होते.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, जिंकले. उठायला गेले, जरा दम लागला होता तो बसू दे म्हटलं, आणि ती सुरू झाली. बारीक, लांबलचक. मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, सवयीने. मागे कुणीच नव्हतं. श्वास धरला, ती थांबली. सोडला, ती आली. पुन्हा धरला, पुन्हा थांबली. असं किती वेळ केलं माहीत नाही, पोरं दिव्याचं बटण चालूबंद करतात तसं. मग मी रडले, आणि रडतानाही ती येतच होती, मेली.

वर आले. टकल्या भांडी पुसत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, ओला हात पुसला आणि मला बसायला स्टूल सरकवून दिलं. तेव्हा मला कळलं की त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्या खोलीला माहीत होतं. मऊताईंनाही. मी एकटीच डोळे वटारत फिरत होते.

आता तू आनंदाने उड्या मारू नकोस. शिट्टी माझी आहे म्हणून तुझं खोटं खरं होत नाही. डॉक्टर बरोबर असतील, तू बरोबर असशील, तरी तू माझ्या पाठीमागे बादली ओतलीस. मला रानात पाठवलंस, फोन काढून घेतला जाणार हे माहीत असताना. वर मांजराची गंमत लिहिलीस! मी ऐकत नव्हते, हे मान्य. मी एक्स-रे जाळला, तेही मान्य. मग माझ्याशी भांडायचंस! फळी उगारली तर तू दुसरी उचलायचीस. मी कामगारांशी भांडते, गिऱ्हाइकांशी भांडते, पिठाच्या पोत्याशी भांडते. माझ्याशी भांडायला तुला काय धाड भरली होती? तू घाबरलास, आणि घाबरून माझ्यावर माया केलीस. ती माया नको मला.

मऊताईंनी काल शेवटची वही दिली, "ज्यांच्यावर राग आहे त्यांना क्षमा करा" म्हणून. सगळे लिहीत बसले होते, टकल्यासुद्धा. मी वही कोरी परत केली. त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून एका चिठ्ठीवर लिहून दिलं, "राग पाहिला. ढग नाही. निखारा आहे. राखेखाली ठेवते, उपयोगाला येईल." त्या हसल्या. बाई वाईट नाहीत.

गाडी मला चार दिवसांनी सकाळी सोडते. तोवर पुढचं कर.

बिजलीची भट्टी मागव. होय, मीच म्हणतेय. तोंडाला बांधायला चांगले मास्क आण, ढीगभर, सगळ्यांना, मिक्सरवाल्यालाही. मी गल्ल्यावर बसणार नाही, पण भट्टीसमोर दिवसभर उभीही राहणार नाही. मधलं काय ते आपण भांडून ठरवू. आंबवण मेलं असेल तर मला आत्ताच सांग, नवं धरायला वेळ लागतो. मांजराचा स्वेटर काढून घेऊ नकोस.

आणि घुमटाला हात लावू नकोस. गवंड्याला बोलावू नकोस, वीट काढू नकोस, तडा लिंपून मला खूश करायला जाऊ नकोस. भट्टी जशी आहे तशी राहू दे. मोठा हातोडा भट्टीच्या तोंडापाशी ठेव. पहिला घाव मी घालणार. अण्णांनी बांधलेली भट्टी कुणी परकं फोडणार नाही, आणि माझ्या माघारी तर नाहीच नाही.

दुसरा घाव तुझा. तो घालताना माझ्याकडे बघ.

ताई